बरणीतला साप आणि आईची गाठ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलेलं)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली. एआयवर बोल, सगळ्यांना तेच ऐकायचंय." मी म्हटलं, त्यावर तर तुम्ही व्हॉट्सॲपवर रोजच ऐकता, मला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. विषय सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग विचारणा झाली, "हे जेवणाआधी ठेवू की जेवणानंतर?" म्हणून मला जेवणाआधीची वेळ मिळाली आहे. काळजी करू नका, वीस मिनिटांत सोडते.

विषय असा आहे. ऑपरेशन करून शरीरातून एखादी गाठ काढतात, किंवा सुईने छोटा तुकडा घेतात. तो तपासायला जातो. तो तुकडा टिकवतात कसा, त्यातली प्रथिनं जपतात कशी, आणि ते नीट झालं नाही तर काय होतं, एवढंच मला सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही. आपल्या वर्गातले दोन डॉक्टर समोर बसले आहेत, माझं चुकलं तर त्यांनी इथेच हात वर करावा.

आज सकाळी लवकर आले आणि प्रयोगशाळेत डोकावले. ते कपाट अजून आहे. बेडूक आहे, विंचू आहे, आणि तो साप आहे, ज्याच्या बरणीला हात लावायची आपण पैज लावायचो. बाई कपाट उघडायच्या तेव्हा एक उग्र वास यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. तो वास फॉर्मॅलिनचा. त्या वासाशी माझी पुन्हा गाठ पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आधी थोडा शाळेतला धडा. प्राणी मेला किंवा शरीराचा तुकडा कापून वेगळा केला की त्याचा रक्तपुरवठा थांबतो. पण त्यातल्या पेशींना ते लगेच कळत नाही. त्या काही काळ काम करत राहतात, प्राणवायू संपतो, आम्ल साठतं, आणि मग पेशींमधलीच विकरं पेशींना पचवायला लागतात. बाहेरचे जंतू त्यानंतर येतात. म्हणजे सडण्याची सुरुवात आतूनच होते. प्रथिनांवरच्या काही खुणा, ज्यांच्यावरून पेशीत कुठलं काम चालू होतं ते कळतं, त्या तर मिनिटांत बदलतात. म्हणून तुकडा बाहेर आला की घड्याळ सुरू झालं असं समजायचं.

हे घड्याळ थांबवण्याचे मुख्य रस्ते दोन. एक गोठवण्याचा, दुसरा फॉर्मॅलिनचा.

गोठवायचं म्हणजे आपल्या घरच्या फ्रीजमध्ये नव्हे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. आणि तेही झटकन. सावकाश गोठवलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. झटकन गोठवलेल्या तुकड्यात प्रथिनं जवळजवळ होती तशी राहतात, म्हणून संशोधकांना तो फार प्रिय. पण तो फ्रीजर वर्षानुवर्षं चालू ठेवावा लागतो. लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीवर अभ्यास केलेल्या आपल्या पिढीला त्याची अडचण वेगळी सांगायला नको.

दुसरा रस्ता १८९३ साली सापडला. जर्मनीत फ्रँकफर्टला फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर फॉर्मल्डिहाइडचं द्रावण जंतुनाशक म्हणून तपासून बघत होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या बोटांची कातडी कडक होते आहे. ऊती कडक करायला तेव्हा अल्कोहोल वगैरे वापरत असत. ब्लूम यांनी तोच प्रयोग ऊतींवर करून बघितला. तेव्हापासून आजपर्यंत, जगभरातल्या लॅबमध्ये रोज येणारे बहुतेक तुकडे त्याच द्रावणात बुडतात.

फॉर्मॅलिन काय करतं? आपण मधल्या सुट्टीत साखळीची पकडापकडी खेळायचो, आठवतंय? पकडला गेलेला हात धरून साखळीत यायचा आणि मग एकट्याने कुठे पळता यायचं नाही. फॉर्मल्डिहाइडचा रेणू अगदी छोटा असतो. तो एका प्रथिनाला धरतो, मग शेजारच्या प्रथिनाला धरतो, आणि दोघांच्या मध्ये पूल होतो. असे असंख्य पूल झाले की सगळं जागच्या जागी अडकतं. पचवणारी विकरंही प्रथिनंच, तीही साखळीत सापडतात आणि त्यांचं काम थांबतं.

त्यानंतर तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात, त्यात वितळलेलं मेण मुरवतात, आणि थंड करून मेणाची वडी करतात. त्या वडीला ब्लॉक म्हणतात. कागदापेक्षाही कितीतरी पातळ, तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर लावतात, रंगवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उरलेला ब्लॉक कपाटात. त्याला वीज लागत नाही, फ्रीज लागत नाही. ड्रॉवरमध्ये नंबर लावून ठेवला की दशकानुदशकं राहतो.

आता आईबद्दल सांगते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आमच्या घरी तिच्या हातचे पोहे खाल्ले आहेत, म्हणून सांगायला संकोच वाटत नाही.

२०१४ साली आईच्या छातीत गाठ लागली. सुईने तुकडा घेऊन तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन आपल्याच भागात, ओळखीच्या दवाखान्यात करायचं ठरलं, कारण आईला घराजवळ राहायचं होतं. मी पुण्यात. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. गाठ एका बाटलीत घालून भावाच्या हातात दिली, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, जिल्ह्याची शेवटची गाडी गेली. उद्या रविवार, लॅब बंद. काय करू?"

मी इंजिनियर. घरातली शिकलेली. मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "अरे, फ्रीजमध्ये ठेव आणि सोमवारी सकाळी नेऊन दे."

त्याने तसंच केलं. ती गाठ फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे, दोन रात्री होती. बाटलीत फॉर्मॅलिन नव्हतं, सलाइन होतं. हे भावाला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. कारण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

रिपोर्ट आला. कॅन्सर तर होताच. पुढे तीन ओळी होत्या: इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

या तीन ओळींचा अर्थ नीट समजून घ्या, कारण उपचार त्यांच्यावर ठरतात. ही तिन्ही प्रथिनं आहेत. पहिली दोन पेशीत असतील, तर तो कॅन्सर शरीरातल्या संप्रेरकांवर वाढतो, आणि रोजची एक गोळी काही वर्षं घेऊन त्याला पुष्कळ आवर घालता येतो. हर-टू जास्त प्रमाणात असेल, तर त्यावर ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. तिन्ही नसतील, तर हे दोन्ही रस्ते बंद. मग मुख्यतः केमोथेरपी, आणि आजारही जास्त दांडगा समजायचा. तीन प्रथिनं दिसली की नाही दिसली, एवढ्यावर हे सगळं.

प्रथिन बघतात कसं? आपल्या रक्तात असतात तशा प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडीचा उपयोग करून. एक अँटिबॉडी एकाच प्रथिनाला नेमकी चिकटते. तिच्या शेपटीला रंग तयार करणारं काहीतरी जोडतात. काचेवरच्या कापावर ती सोडली, की ते प्रथिन जिथे आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. पण इथे एक गंमत आहे. फॉर्मॅलिनने प्रथिनांची साखळी केलेली असते, त्यामुळे अँटिबॉडीला धरायची जागाच कित्येकदा झाकली जाते. म्हणजे ज्याने प्रथिन वाचवलं, त्यानेच ते लपवलं.

ही अडचण कित्येक वर्षं होती. अमेरिकेत काम करणारे शान-राँग शी हे संशोधक जुने शोधनिबंध वाचत होते. १९४० च्या दशकातल्या कामात त्यांना असं दिसलं, की फॉर्मल्डिहाइडने केलेले पूल जोरदार उष्णतेने सोडवता येतात. त्यांनी काचेवरचे काप द्रावणात घालून मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये उकळून बघितले. लपलेली प्रथिनं परत दिसायला लागली. हे १९९१ साली प्रसिद्ध झालं. नंतर कुणी मायक्रोवेव्ह, कुणी प्रेशर कुकर वापरायला लागलं. मी स्वतः एका लॅबमध्ये अगदी आपला शिट्टीचा कुकर बघितला आहे. आत लिंबाच्या आम्लापासून केलेलं सायट्रेटचं द्रावण, आणि त्यात उभ्या काचा. इतकी वर्षं कपाटांत पडलेले जुने ब्लॉक या एका युक्तीने पुन्हा वाचता येऊ लागले.

पण कुकरने साखळी सुटते. जे प्रथिन साखळीत यायच्या आधीच सडून गेलं, ते कुठल्याही कुकरने परत येत नाही.

आईच्या स्लाइड पुण्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पुन्हा बघायला पाठवल्या. त्या बाईंचा मला फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ही गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकली?" मी म्हटलं, सोमवारी दुपारी, लॅबमध्ये. "आणि काढली कधी?" शनिवारी दुपारी. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मग मला वाटलं ते बरोबर आहे."

त्यांनी समजावून सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. कॅन्सरच्या गाठीच्या कडेला स्तनातल्या निरोगी दूधनलिकाही कापात येतात. त्यांच्यातल्या काही पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर असायलाच हवा. त्या तपकिरी दिसल्या आणि कॅन्सरच्या पेशी कोऱ्या राहिल्या, तर निकाल खरा निगेटिव्ह. पण आईच्या कापात निरोगी नलिकाही कोऱ्याच होत्या. "म्हणजे याला मी निगेटिव्ह म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तपासणी झालीच नाही असं म्हणेन. आधी सुईने तुकडा घेतला होता, त्याचा ब्लॉक कुठे आहे?"

तो दुसऱ्याच लॅबमध्ये होता. भाऊ गेला. अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि दीड तास बाकावर बसणं. तिथल्या कारकुनाने ड्रॉवरमधून नंबर बघून तो काढून दिला. नखाएवढा मेणाचा तुकडा, आत दोन-तीन दोऱ्यासारखे धागे. पण सुईने काढल्याबरोबर ते थेट फॉर्मॅलिनमध्ये गेले होते, आणि बारीक असल्यामुळे द्रावण लगेच आतपर्यंत पोचलं होतं. त्यावर तपासणी केली. इस्ट्रोजेन रिसेप्टर जोरदार पॉझिटिव्ह.

आईला गोळी सुरू झाली. पाच वर्षं घेतली. आज ती घरी आहे, आणि मी इथे काय बोलणार आहे ते तिने दोनदा विचारून घेतलं आहे. पहिल्याच रिपोर्टवर विसंबलो असतो, तर ती गोळी तिला मिळालीच नसती.

मी कुणाचं नाव घेत नाही, आणि कुणाला दोष द्यायला उभीही नाही. दवाखान्यातल्या माणसाने हाताशी होतं ते ओतलं. लॅबने आलेल्या मालावर तपासणी केली. फ्रीजमध्ये ठेव असं मी सांगितलं. आमच्यातल्या एकानेही वाईट हेतूने काही केलं नाही, आणि तरी एका माणसाचा उपचार चुकता चुकता राहिला.

चार वर्षांनी आमच्या कंपनीत लॅबचं एक काम आलं. नमुना आल्यापासून रिपोर्टपर्यंत त्याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. मी हात वर केला. दोन वेळा नोंदवायच्या होत्या: तुकडा शरीराबाहेर काढला ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकला ती. स्तनाच्या कॅन्सरसाठी या दोन्हींमध्ये एक तासाहून जास्त अंतर नको, आणि फॉर्मॅलिनमध्ये तुकडा किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी ठरवून दिलेलं आहे; आपल्याकडच्या चांगल्या लॅबही ते पाळतात. कमी ठेवला तर आतला भाग कच्चा राहतो, फार ठेवला तर साखळी इतकी घट्ट होते की सुटता सुटत नाही.

मी दोन्ही रकाने सक्तीचे केले. भरल्याशिवाय पुढचं पानच उघडणार नाही. आईची गोष्ट डोक्यात होती, मला वाटलं, मोठंच काम केलं. काही महिन्यांनी नोंदी काढून बघितल्या. ओळीने सगळीकडे दहा वाजता, अकरा वाजता, बारा वाजता. अकरा वाजून सतरा मिनिटं असं कुठे नाहीच. कित्येक ठिकाणी दोन्ही वेळा एकच. खिडकीवर बसलेल्या माणसाला खरी वेळ कुणी सांगितलेलीच नव्हती. मागे रांग उभी, पान उघडायला हवं, म्हणून त्याने मनाने काहीतरी भरलं. त्याला खोटं लिहायला मी भाग पाडलं होतं. आणि कोऱ्या रकान्यापेक्षा हे वाईट, कारण कोरा रकाना बघून डॉक्टर निदान विचारतील तरी. सुबक लिहिलेली वेळ बघून कोण विचारणार?

तेव्हा मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली. सर, तुम्ही चाचणीच्या वेळी म्हणायचात, "येत नसेल तर जागा कोरी सोडा, शेजारच्याचं उतरवू नका. कोरी जागा बघून मला कळेल तुम्हाला काय शिकवायचं ते." मी त्या रकान्यात एक पर्याय वाढवला: "माहीत नाही". आणि तो निवडला की रिपोर्टवर तसं छापून यायचं. पहिल्या आठवड्यात बहुतेक नोंदी "माहीत नाही". लॅबचे साहेब चिडले, हे रिपोर्टवर बरं दिसत नाही म्हणाले. पण त्यांनीच मग दवाखान्यांना फोन करून सांगितलं, की बाटलीवर वेळ लिहून पाठवा. हळूहळू सव्वाअकरा, बारा वाजून वीस अशा वेळा यायला लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, निदान ठीक आहे, पण उरलेले ब्लॉक ठेवून काय उपयोग? एक गोष्ट सांगते. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली गेली. मुंबई बंदरात ती उतरली आणि देशभर पसरली. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीहून जास्त माणसं गेली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात एखादी पणजी, एखादा चुलतपणजोबा मानमोडीत गेल्याचं सांगतात. आमच्याकडेही सांगत. तो विषाणू होता कसा, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एका लष्करी छावणीत २१ वर्षांचा एक सैनिक या आजाराने गेला. डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणात बसवला आणि लष्कराच्या संग्रहात पाठवला. तो तिथे जवळजवळ ऐंशी वर्षं पडून होता. जेफरी टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाहेर काढला आणि १९९७ साली त्यातून त्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचून दाखवले. असाच आणखी एक ब्लॉक, आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसाचा नमुना, या सगळ्यांवरून २००५ पर्यंत पूर्ण विषाणूची जनुकं वाचून झाली. ज्या डॉक्टरने १९१८ साली तो तुकडा मेणात बसवला, त्याला जनुक म्हणजे नेमकं काय हेही सांगता आलं नसतं. त्याने आपलं काम नीट केलं आणि लेबल लावलं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. तंबाखू खाण्याच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूच्या नमुन्यांचा संग्रह आहे, कुटुंबांनी संमतीने दिलेला. आणि आता तर मेणाच्या जुन्या ब्लॉकमधून, साखळी सोडवून, एकाच वेळी हजारो प्रथिनं मोजणारी यंत्रं आली आहेत. पण त्या यंत्रालाही पहिला प्रश्न तोच: तुकडा किती वेळ तसाच पडून होता?

आता जेवणाची वेळ होत आली, म्हणून कामाचं तेवढं सांगते. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा: नमुना कशात ठेवणार, आणि कोण नेणार?

कॅन्सरच्या तपासणीला जाणारा तुकडा सहसा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जातो. बाटली रुंद तोंडाची हवी, आणि द्रावण तुकड्याच्या निदान दहापट. मोठी गाठ असेल तर द्रावण आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. भरली वांगी करताना आपण चिरा देतो तसे काप तिला द्यावे लागतात. ते डॉक्टर किंवा लॅबवाले देतील, आपण हात लावायचा नाही. फॉर्मॅलिनमधली बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने त्याचं काम मंदावतं. बाटली उघडून बघू नका. ती वाफ घातक आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. क्षयाचे जंतू वाढवून बघायचे असतील, तर तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालायचाच नाही, कारण जंतू मरतात आणि तपासणी होत नाही. आणखीही काही तपासण्यांना तुकडा ताजा लागतो. म्हणून मनाने ठरवू नका, मी ठरवलं तसं. विचारा.

काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ बाटलीवर लिहून घ्या. रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून मागता येतात. आणताना मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवू नका, ते मेण आहे. आणि "निगेटिव्ह" असं लिहून आलं, तर एवढं जरूर विचारा: नमुना तपासणीच्या योग्यतेचा होता ना?

आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, मेडिकलचं दुकान चालवणारे आहेत, शिक्षक आहेत, एसटीत कंडक्टर असलेला एक मित्र आहे. अशी बाटली घेऊन कुणी धावत स्टँडवर आलं, तर त्याला जागा मिळवून द्यायची विनंती मी त्याला आत्ताच करून ठेवते.

शेवटचं. सकाळी मी त्या सापाच्या बरणीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न केला. शाई उडाली आहे. "साप" एवढंच दिसतं. कुठला, कुणी आणला, कधी, काहीच नाही. मी बाईंना विचारलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ती मण्यार. शाळेच्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा सापडलेली." आणि पुढच्या सहा बरण्यांचीही माहिती त्यांनी उभ्या उभ्या सांगितली. हे सगळं आज फक्त बाईंच्या आठवणीत आहे.

आपल्या तुकडीने प्रयोगशाळेच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवले आहेत, ते होईलच. पण त्याआधी माझी एक विनंती आहे. मी कोरी लेबलं आणि न पुसणारी पेनं आणली आहेत. जेवण झाल्यावर बाई अर्धा तास प्रयोगशाळेत बसायला तयार आहेत. बरण्या कुणी उघडू नका. बाई सांगतील तसं लिहून घेऊ. जे त्यांना आठवणार नाही, तिथे "माहीत नाही" असं लिहू.

ज्यांचं अक्षर तेव्हा चांगलं होतं, त्यांनी आधी यावं.